दोन घरांची मधली भिंत

बोलतेय ती मी, मधली भिंत. इकडेतिकडे बघू नका. माण गावठाणातल्या जुन्या आळीत या, बोळ ओलांडा आणि निळे पत्रे ठोकलेत त्यांच्या फटीतून आत डोकावा. एका अंगाला घर आणि दुसऱ्या अंगाला उघडीवाघडी पडलेली जी दिसेल, तीच मी. लाज वाटते हो अशी उभी राहायला. पण आता वेळ थोडा उरलाय, म्हणून लाजबीज बाजूला ठेवून बोलते.

पाऊस ताम्हिणी घाटापर्यंत आलाय म्हणतात. आणि मी मातीची आहे. एवढं ध्यानात ठेवा आणि पुढचं ऐका.

माझा जन्म दोन चुलतभावांच्या आळसातून झाला. भिवाजी आणि जयसिंग अशी त्यांची नावं. दोघांनाही शेजारीशेजारी घर बांधायचं होतं. दगड डोंगरावरनं आणायचा, माती वाहायची, चिखल तुडवायचा, कोण जीव काढणार! भिवाजी म्हणाला, "दोन भिंती कशाला रं? एकच घालू. तू तिकडनं टेक, मी हिकडनं टेकतो." झालं. एवढ्या बोलण्यावर मी उभी राहिले.

आमच्याकडे शेताच्या मातीला काळी म्हणतात आणि गाव वसतं त्या मातीला पांढरी. मी पांढरीची. पायात दगड, वर माती, मातीत भुसा आणि शेण. दोन्ही घरच्या बायकांनी पदर खोचून माझा चिखल तुडवला, आणि तुडवता तुडवता सगळ्या गावाची उणीदुणी काढली. मधे मधे अंगातून आरपार जाणारे लांब दगड घातले. प्रत्येक दगड ठेवताना भिवाजी म्हणायचा, "ह्यो तुझा बी आन् माझा बी." त्या दगडांचं एक टोक त्याच्या घरात निघतं आणि दुसरं जयसिंगच्या. त्यांच्याच जोरावर मी इतके पावसाळे काढले.

भिंत एक आणि घरं दोन, म्हणजे कटकट आलीच. या बाजूला कुणी खुंटी ठोकली की त्या बाजूच्या फळीवरची भांडी धडाधड खाली. म्हणून आमच्या आळीत एक रीत पडली. खुंटी ठोकायच्या आधी मोठ्यानं हाक मारायची, "खुंटी मारतोय हां!" मग पलीकडचं माणूस हातातलं काम टाकून येणार, फळीला दोन्ही हात लावणार आणि ओरडणार, "मार, धरलंय!" ते ऐकू आल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही. भांडण असो, अबोला असो, हाकेला उत्तर द्यायचं म्हणजे द्यायचं.

सुंदराला ही रीत कुठली ठाऊक असणार? ती भिवाजीची नातसून. गेणूशी लग्न होऊन नवी नवी आली, माहेरून आणलेला आरसा लावायचा म्हणून तिनं दणादण खुंटी ठोकली. पलीकडे जयसिंगचा नातू जालिंदर, त्याची बायको सगुणाबाई. तिची लोणच्याची नवी बरणी फुटली. आणि काय सांगू, ती माउली तेलाचे हात घेऊन आळीत आली आणि तिनं सुंदराच्या माहेराचा जो उद्धार केला तो आळीनं पुढं कितीतरी दिवस चघळला. सुंदराही काही कमी नव्हती. तिनं तो आरसा काढून सगुणाबाईच्या दारात नेऊन ठेवला, "घ्या, तोंड बघा आपलं!" म्हणाली.

पण त्याच आठवड्यात पलीकडून हाक आली, "खुंटी मारतेय हां!" सुंदरा भाकरी थापत होती. पिठाच्या हातांनी धावली, फळी धरली आणि ओरडली, "मार, धरलंय!" तिथून पुढं दोघींचं मेतकूट असं जमलं की जालिंदर आणि गेणूला घरात बोलायची सोय राहिली नाही. सगुणाबाईचा राजू रांगायला लागला तो सुंदराच्या घरात, आणि सुंदराच्या घरात काय शिजतंय ते आधी सगुणाबाईला कळायचं. मी मधे होते, पण दूर ठेवायला नव्हते.

मग आयटी पार्क आलं. मी कुठं गेले नाही बघायला, पण त्याचा आवाज माझ्यापर्यंत यायचा. सुरुंग उडाला की माझी माती भुरभुर खाली पडायची. एकेकाची काळी गेली. भाताची खाचरं गेली, तिथं काचेच्या इमारती आल्या आणि शेतकरी खोल्या भाड्यानं द्यायला लागले. गेणूनंही माळ्यावर दोन खोल्या काढल्या. लोकांनी गाड्या घेतल्या, आळीत त्या वळेनात म्हणून आळीलाच शिव्या घातल्या. माणसाची गंमत आहे बघा. आळी गाडीच्या आधीची आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

काळी गेली तरी पांढरी होती. मला वाटलं, आपलं काय जाणार? मग बोळाच्या पलीकडची घरं पडायला लागली. एक पडलं, दुसरं पडलं, एका उन्हाळ्यात ती सगळी बाजू सपाट झाली आणि तिथं भला मोठा टॉवर उभा राहिला. बोळाच्या अलीकडे आम्ही सहा घरं उरलो, एकमेकांना खांदा लावलेली. पहिलं जालिंदरचं, मग मी, मग सुंदराचं, मग पुढची चार.

गेणूच्या माळ्यावर मृण्मयी नावाची एक मुलगी राहायला आली. पुण्यात इमारतींचं शिकलेली, कामाला इथल्याच एका कचेरीत. तिला आधी वाटलं, स्वस्तात खोली मिळाली. उन्हाळा आला तशी ती खाली सुंदराच्या स्वयंपाकघरात येऊन बसायला लागली, माझ्याशी पाठ टेकून. "काकू, इथं पंख्याशिवाय बसता येतं! माझ्या ऑफिसात एसी बंद पडला की आम्ही बाहेर पळतो."

"मग काय तर," सुंदरा म्हणाली. "मातीचं हाय ते. जीव हाय त्याला."

मृण्मयीनं सगळी आळी मोजली, काढली, म्हाताऱ्यांना प्रश्न विचारून वात आणला. मग तिनं सहाही घरच्यांना सुंदराच्या ओट्यावर बसवलं आणि सांगितलं की या पट्ट्यात अशी सलग आळी आता कुठंच उरलेली नाही, ही जपता येईल, दुरुस्तीला मदतही मिळू शकेल. सगळे मिळून पुण्याला, जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी कचेरीत जाऊन आले. साहेब चांगला होता म्हणे. "पावसाळा संपला की माणसं बघायला पाठवतो," म्हणाला. "पण आळी सलग पाहिजे. सुटी सुटी घरं मी जपू शकत नाही."

त्या दिवशी सुंदरानं शेवया केल्या होत्या. सगुणाबाई माझ्या पलीकडून ओरडली, "दूध जास्त घाल गं, चिंगूसपणा करू नगंस!" मला फार बरं वाटलं होतं. आपण वाचलो असं वाटलं होतं मला, खरंच.

वाचलो नाही. राजूचं लग्न आडवं आलं.

राजू चांगला पोरगा. बाणेरला नोकरी, व्यसन नाही, नाकीडोळी नीटस. पण मुलगी बघायला जावं आणि मुलीकडचे घर बघायला आले की बोलणं तिथंच थांबावं. चहा पिताना त्यांची नजर माझ्यावरून फिरायची. एक बाई तर मला बोटानं खरवडून बघून गेली आणि नखातली माती बघून नवऱ्याला म्हणाली, "मातीच्या घरात पोरगी द्यायची का आता?" मी ऐकत होते. सगुणाबाई चहाच्या कपबशा उचलत होती. त्या रात्री तिकडे कुणी जेवलं नाही.

मग शैलेश यायला लागला. बोळाच्या पलीकडे टॉवर बांधलेल्यांचा तो माणूस. गोड बोलायचा, चपला बाहेर काढायचा, सगुणाबाईच्या गुडघ्याची चौकशी करायचा. लिफ्ट असेल, गाडी लावायला जागा असेल, राजूसाठी वेगळी खोली असेल. तो सुंदराकडेही आला. "काकू, तुम्हीपण द्या ना, सगळ्यांचं एकदमच होऊन जाईल."

"आन् खुंटी मारताना हाक कुणाला मारू?" सुंदरा म्हणाली. त्याला काही कळलं नाही. तो हसला आणि चपला घालून पलीकडे गेला.

जालिंदरनं दिलं. त्याला दुष्ट म्हणू नका, मी म्हणत नाही. तो येऊन सुंदराच्या ओट्यावर बसला, बराच वेळ टोपी गुडघ्यावर फिरवत राहिला आणि म्हणाला, "वहिनी, दिलं म्या."

गेणू म्हणाला, "आन् भिंत?"

आता ऐका, शेतकऱ्याचं डोकं कसं चालतं. जालिंदरनं जन्मभर वाटण्याच बघितलेल्या. विहिरीच्या पाळ्या वाटल्या, आंब्याच्या फांद्या वाटल्या, दोन शेतांमधला बांध सुतळी लावून मधोमध निम्मा निम्मा केला. तो अगदी मनापासून म्हणाला, "भिंत निम्मी माझी, निम्मी तुमची. बांधाचं न्हाई का तसंच? मी माझी निम्मी सोडलीया. तुमच्या निम्मीला कुणी हात लावला तर मी हाय की. तसं म्या शैलेशला बजावलंय."

"अरं जालिंदर," गेणू म्हणाला, "बांध आडवा असतोय. ही उभी हाय."

"तर काय झालं? मापानंच घ्यायचं."

मला हसावं की रडावं कळेना. अहो, मला उभी चिरून निम्मी विकली त्यानं! माझ्या अंगात आरपार दगड आहेत. ह्यो तुझा बी आन् माझा बी, हे त्याचाच आजा जयसिंग प्रत्येक वेळी मान डोलवून ऐकत होता. तो दगड निम्मा कसा सोडणार? मृण्मयीनं त्याला कागदावर चित्र काढून दाखवलं, हात जोडले. तो म्हणाला, "पोरी, आता शब्द गेलाय माझा." सुंदरा उठून आत गेली आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. तिचं कपाळ माझ्या अंगाला लागलं होतं.

घर सोडायच्या दिवशी सगुणाबाईनं काय केलं ठाऊक आहे? सामान टेम्पोत गेलं, राजू हाका मारतोय आणि ही बाई खाली बसून जमीन सारवतेय. पाडायच्या घराची जमीन! कोपरे न् कोपरे सारवले. मग ओल्या हातानं माझ्या पायथ्याला एक पट्टा ओढला, शेवटचा, नीट सरळ. म्हणाली, "घाण ठेवून जायाचं न्हाई." आणि बसल्या जागी अशी रडली की पलीकडून सुंदरा अनवाणी धावत आली.

कौलं उतरली, वासे उतरले. मग जालिंदर शिडी लावून माझ्या माथ्यावर चढला. सुतळी ताणली आणि मधोमध चुन्याची रेघ मारली, बांधावर मारतात तश्शी. किती जपून मारली! कुठं रेघ सुंदराच्या बाजूला सरकली असं वाटलं की पुसून परत मारायचा. मी त्याला लहानपणापासून बघतेय. असा प्रामाणिक मूर्ख माणूस दुसरा नाही मिळायचा.

जेसीबीवाला उत्तरेकडचा तरुण होता. त्यानं रेघ बघितली, जालिंदरकडे बघितलं. "चाचा, इसको आधा कैसे काटूँ? केक है क्या?"

"तू धीरेसे काट," जालिंदर म्हणाला. "उधरका आधा हमारा नही है."

पोरानं खरंच हळू घेतलं. पण त्या लोखंडी पंजाला हळू म्हणजे काय ते कुठं ठाऊक! त्यानं पहिल्याच झटक्याला एक आरपार दगड पकडला आणि ओढला. आणि हाक? कुणी हाक मारली नाही. सुंदराच्या त्या आरशाच्या खुंटीनंतर पहिल्यांदाच घाव आधी आला. पलीकडे सुंदराची फळी उडाली, पितळी डबे, पातेली, तांब्या, सगळं घरभर. तिच्या स्वयंपाकघरात भोक पडलं आणि त्यातून ऊन आत आलं, जिथं कधीच ऊन येत नव्हतं. सुंदराची किंकाळी ऐकू आली आणि जालिंदर वेड्यासारखा यंत्रापुढं जाऊन उभा राहिला. "थांब! थांब! धरलं न्हाई तिनं! तिनं धरलं न्हाई अजून!"

पोरानं यंत्र बंद केलं. ते आजतागायत तसंच. माझी निम्मी जाडी वरून खरवडली गेलीय, दगड उघडे पडलेत, पोटात फट गेलीय. शैलेशच्या माणसांना आता घाई नाही. निळे पत्रे ठोकून, वॉचमन बसवून ते निघून गेले. पावसाळा त्यांचं काम फुकटात करणार आहे हे त्यांना पक्कं माहीत आहे. मी पडले की सुंदराचं आढं खाली येणार. तिचं आलं की पुढच्याचा आधार गेला, मग त्याच्या पुढच्याचा.

मृण्मयी परत कचेरीत जाऊन आली. साहेब म्हणाला, बोळापासून नाही तर नाही, सुंदराच्या घरापासून पुढं पाच घरं सलग उभी असली तरी बघतो. पण माणसं येणार पावसाळा संपल्यावरच. म्हणजे मला एक पावसाळा काढायचाय. एकच. इतके काढले, आणि हा एक निघेल की नाही सांगता येत नाही. मला भीती वाटते हो. रात्रंदिवस भीती वाटते.

महाळुंग्याच्या भाड्याच्या फ्लॅटमधून सगुणाबाई सुंदराला फोन करते. परवा सांगत होती, जालिंदर खंडोबाची तसबीर लावायला खिळा मारत होता, तेव्हा हिनं सवयीनं भिंतीला तोंड लावून हाक मारली, "खुंटी मारतोय हो!" तर शेजारचा मुलगा दारात येऊन बेल वाजवून विचारतो, "आंटी, सगळं ओके आहे ना?" दोघी आधी खूप हसल्या. मग सगुणाबाईनं हळूच विचारलं, "भिंत हाय न्हवं गं उभी?"

आज दुपारी आभाळ भरून आलं. सुंदरानं ताडपत्री आणलीय, माथ्यावरून माझ्या उघड्या अंगावर सोडायला. पलीकडून बांधायची तर वॉचमन आत येऊ देत नाही. मग अलीकडूनच उंचावर खुंट्या ठोकून दोर ताणायचा, असं तिनं आणि गेणूनं ठरवलं. गेणूनं स्टूल धरलं. सुंदरा वर चढली, बाभळीची खुंटी माझ्या अंगाला लावली, हातोडा उचलला आणि सवयीनं तोंडातून गेलं, "खुंटी मारतेय हां!"

मग तिचं तिलाच आठवलं. पलीकडे घर नाही, फळी नाही, माणूस नाही. हातोडा तसाच वर राहिला. गेणू खालून म्हणाला, "मार आता. कुणाची वाट बघतीस?" तिचा हात काही खाली येईना.

तेवढ्यात पलीकडे पत्रा कुरकुरला. वॉचमन ओरडला, "अरे काका, अंदर मना है!" आणि मातीच्या ढिगाऱ्यावरून कुणीतरी धडपडत आलं. दोन हात माझ्या अंगाला लागले. मी ओळखले. ते हात एवढेएवढेसे होते तेव्हापासून मला टेकून उठतायत, बसतायत.

"मार वहिनी!" जालिंदर ओरडला. "मार! धरलंय!"

धरायला तिथं काय होतं? एक तांब्यासुद्धा नव्हता. पण त्यानं दोन्ही तळवे माझ्यावर रोवले होते, छाती लावली होती आणि तो माझ्या मातीत तोंड घालून रडत होता. अलीकडे सुंदरानं पदरानं डोळे पुसले आणि खुंटी मारली. एक बसली. मग दुसरी. प्रत्येक वेळी तिनं हाक मारली आणि प्रत्येक वेळी त्यानं उत्तर दिलं. वॉचमन बघत उभा राहिला, त्यानं हाकललं नाही.

ताडपत्री अपुरी आहे. निम्म्यापर्यंतच पोचलीय. जालिंदर अजून तसाच उभा आहे, हात काढायला तयार नाही. वारा सुटलाय आणि घाटाकडनं ओल्या मातीचा वास यायला लागलाय.

दोन हात पुरायचे नाहीत हो. तुमच्याकडे ताडपत्री असेल तर घेऊन या. नसेल तर नुसते या, पत्र्याच्या फटीतून आत शिरा आणि माझ्या या उघड्या अंगाला हात लावून उभे राहा. सुंदरा अजून खुंट्या मारणार आहे. तिची हाक येईल. तेव्हा गप्प राहू नका.

म्हणा, धरलंय.